खाजाभाई दारावर

“पिशवी दाखवा म्हणायचं, बस. त्यात लाजायचं काय, चाचा?”

ललितशेठने निळा शर्ट खाजाभाईच्या हातात कोंबला. खिशावर शिवलेलं होतं : सुरक्षा.

मेन रोडवरच्या या साडीच्या दुकानात खाजाभाईची उभी हयात गेली होती. गादीवर मांडी ठोकून तो साड्या उलगडायचा, पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून मान वेळावायचा, “बघा वहिनी, या दाढीवाल्याला एवढी शोभते, मग तुम्हाला?” बायका पोट धरून हसायच्या, आणि एकीच्या जागी दोन न्यायच्या.

मग कॉलेज रोडला मॉल झाला आणि ललितशेठचं धाबं दणाणलं. ‘मोठ्या मॉलकडून छोट्या दुकानदाराने काय शिकावं’ असल्या शिबिराला तो पैसे भरून बसून आला. शिकवणाऱ्याने जन्मात एक साडी विकली नव्हती. गळ्यात टाय मात्र होता. गादी गेली. साड्या हँगरला लटकल्या, वर भाव चिकटले. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने घ्यावं, मध्ये माणूस नको. तो मधला माणूस म्हणजे खाजाभाई. या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? त्याने शर्टाची बटणं लावली.

लग्नसराईच्या गर्दीत मखमलाबादची कलाबाई आली. फुलं विकून थेट इकडेच. छायाचं, तिच्या लेकीचं, लग्न ठरलं होतं.

“खाजाभाऊ, हे काय सोंग? चल आत, शालू दाखव.”

“दार सोडता येत नाय, वहिनी. आत लावलंय सगळं. बघा तुम्ही.”

“एवढं मोठं दुकान केलं, अन् बूड टेकायला जागा नाय?”

ती हँगरांमधून फिरली. एका शालूला हात लावला, तर दुकानातली नवी पोरगी म्हणाली, “मावशी, घडी मोडू नका.” कलाबाई रिकाम्या हाताने परत निघाली. मागे बायकांची रांग लागली होती.

“चाचा!” गल्ल्यावरून ललितशेठ ओरडला. “पिशवी!”

खाजाभाईने तिच्याकडे बघितलं नाही. “दाखवा, वहिनी.”

“माझी?” ती थांबली. “माझ्या लग्नाचा शालू तूच दिला ना रे?”

तिने पिशवी पायरीवर उलटी केली. फडक्यातली अर्धी भाकर, मापाला आणलेलं छायाचं पोलकं, चुरगळलेली शेवंती.

“झालं? का लुगडंबी झटकू?”

खाजाभाई गुडघ्यावर बसला. एकेक वस्तू उचलून त्याने पिशवीत भरली, पोलक्याची नीट घडी घातली. कलाबाईने पिशवी ओढून घेतली आणि मागे न बघता गर्दीत शिरली.

“जमलं की, चाचा!” ललितशेठ खूश होता.

खाजाभाई उठला, वळला. रांगेतल्या बायकांनी आपापल्या पिशव्या आधीच उघडून धरल्या होत्या. कुणी हसत नव्हतं.