कासियानची तपासणी

अक्कल शिकवण्यात आमच्या वाटाड्याचा, कासियानचा, हात धरणारा आल्प्समधल्या अख्ख्या टायरॉलमध्ये कुणी नाही. बर्फात गाडलेला माणूस सापडावा म्हणून प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र असायचं; ते एक तर संदेश पाठवतं, नाहीतर ‘शोध’वर ठेवलं की दुसऱ्याचा संदेश पकडून वाजतं. रोज चढण लागण्याआधी तो आपलं यंत्र ‘शोध’वर ठेवून आम्हा सहा जणांना एकेक करून समोरून चालवायचा. बर्फाखाली गाडलं गेलात आणि यंत्र संदेश पाठवत नसेल, तर थेट वसंतात सापडाल, असं बजवायचा.

परवा वरच्या झोपडीत सूप पिताना आमच्यातल्या बुर्गीमावशीचं लक्ष त्याच्या छातीवरच्या यंत्राकडे गेलं.

"कासियान, हे अजून आम्हालाच शोधतंय की रे! वाटेत तूच गाडला गेला असतास तर?"

तो लालबुंद झाला. "वीस वर्षांत गाडलो गेलोय का कधी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही उट्टं काढलं. सहाही जणांनी आपापली यंत्रं ‘शोध’वर ठेवली आणि त्यालाच समोरून चालवलं, तेही दोनदा. सगळी यंत्रं वाजली. मग हसत-खिदळत बर्फावरचे पसरट जोडे बांधून आम्ही डोंगर चढून आलो.

संध्याकाळी मी माझं यंत्र बंद करायला गेलो, तर ते ‘शोध’वरच. बाकी पाचही तशीच. दिवसभर त्या डोंगरावर सापडण्याजोगा एकटा कासियानच होता.

त्याला हे कळता कामा नये, अशी बुर्गीमावशीची सक्त ताकीद आहे.