वाऱ्याचा रकाना

अमेरिकेत राहणारा मराठी माणूस महिनाभराची सुट्टी फक्त इंडियाला जायला घेतो. दोन-तीन वर्षं अंगात ताप असतानाही कामावर जाऊन ती साठवायची, मग बॅगांत चॉकलेटं कोंबून निघायचं. मी तेवीस वर्षं हेच केलं. यंदा ती सुट्टी मी होडीसाठी घेतली आणि मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात ओळखीच्या अर्ध्या घरांत वेडी ठरले.

सीमाने तर तोंडावर विचारलं. सीमा आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, मूळची पुण्याची. मनाने बरी आहे, जिभेला ब्रेक नाही.

"महिनाभर सुट्टी आणि इंडियाला नाही? मग काय, क्रूझ?"

"तुला वाटतं तसलं बुफेवालं जहाज नाही गं. माझी स्वतःची होडी, शिडाची. लेक ह्यूरॉनच्या किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जायचं आणि महिन्यात परत यायचं."

"त्यात टॉयलेट असतं?"

"असतं. तुझ्या फ्रिजएवढं."

"आणि बाबा आलेत ना तुझे? त्यांना इथे टाकून जाणार?"

"त्यांना घेऊनच जातेय."

यावर सीमाने विषय बदलला. पण मी चक्क थाप मारली होती. वडिलांना मी अजून विचारलंच नव्हतं. छाती होत नव्हती.

माझे वडील, म्हणजे आबा, मालवणच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार. होडीचा जो प्रमुख त्याला आमच्यात तांडेल म्हणतात. आबा चाळीस वर्षं तांडेल होते. त्यांच्या होडीत माझे दोघे भाऊ गेले, काके गेले, एकदा हौस म्हणून शाळेतले मास्तरही जाऊन ओकून आले. मी कधीच गेले नाही. बाईने होडीत पाय ठेवला की मासळी पळते म्हणे. तीच होडी वाळूवर ओढून घ्यायला मात्र बाया चालायच्या. मासळीच्या टोपल्या डोक्यावरून न्यायला, उन्हात बसून विकायला बाया चालायच्या. तेव्हा मासळी पळत नव्हती. या थोतांडाचा मला नवव्या वर्षी राग आला. आता मी एक्कावन्न वर्षांची आहे आणि तो राग अजून ताजा आहे.

पण एवढंच सांगून थांबले तर मीही लबाडच. आबा किनाऱ्याला लागले की भाऊ जेवून आडवे व्हायचे, आणि आबा मला घेऊन ओल्या वाळूत बसायचे. बोटाने रेघा मारत त्या दिवसाची सगळी फेरी सांगायचे. जमिनीकडून येणारा मतलई वारा किती वाजता पडला, कुठल्या खडकावर पाणी फुटत होतं, किल्ल्याची भिंत कुठल्या माडामागे गेली की होडी वळवायची. भाऊ होडीत बसून जे शिकले नाहीत ते मी वाळूत बसून शिकले. पुढे पॉलिटेक्निकला मेकॅनिकल घेतलं तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. आबा एवढंच म्हणाले, "तिका यंत्रा कळतत." आज मी गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनीअर आहे. माझ्या ताटातला प्रत्येक घास त्या तीन शब्दांचा आहे. आभार मानायचे तर नीट मानावेत.

होडी चालवायला मात्र मला रॉनने शिकवलं. पोर्ट ह्यूरॉनच्या धक्क्यावरचा विजेच्या खांबांवर चढायच्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस. मी तिथे शनिवारी नुसती होड्या बघत उभी राहायचे. एका शनिवारी तो म्हणाला, बघून येत नाही, ये आत. माझी जात, देश, नवरा काय करतो, काही विचारलं नाही. चार उन्हाळे शिकवलं. मग त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याची अठ्ठावीस फुटी होडी माझ्याकडे आली, आणि तिच्यासोबत पेन्सिलीच्या खुणा केलेले पाण्याचे नकाशे. त्यातला एक नॉर्थ चॅनेलचा. ह्यूरॉनच्या उत्तर टोकाला, मोठ्या बेटांच्या मागे लपलेली पाण्याची लांब पट्टी. गुलाबी खडक, पाइनची झाडं, मैलोन् मैल माणूस नाही. रॉनने एका आडोशाशी लिहिलं होतं, "इथे तीन दिवस राहा." चार वर्षं मी ते वाचत होते.

मे महिन्यात आबा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. वय सत्त्याहत्तर, दात शाबूत, दिवसभर घरामागच्या लाकडी डेकवर बसून शेजाऱ्याच्या गवत कापायच्या मशीनकडे तुच्छतेने बघत. सप्टेंबरात परत जाणार, आणि पुन्हा येणार नाही असं येतानाच सांगून टाकलेलं. म्हणजे माझ्या होडीत ते बसायचे असतील तर याच जुलैत. प्लांट दोन आठवडे बंद असतो, त्याला माझे साठवलेले दोन आठवडे जोडलेले.

एका रविवारी मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. आबा मागे येऊन उभे राहिले.

"ह्या काय?"

"प्रवासाचं प्लॅनिंग. बघा, एकतीस दिवसांच्या एकतीस ओळी. कुठून निघायचं, कुठे पोचायचं, किती मैल, किती वाजता, डिझेल, पाणी, किराणा."

आबांनी एकेका रकान्यावर बोट ठेवत नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वारो खय आसा ह्येच्यात?"

मी स्क्रीन वरखाली केली.

"सोळा तारखेक थय पोचतलंस म्हणतंस. वाऱ्याक इचारलंस?"

"इंजिन आहे आबा."

"मगे शीड कित्याक? कपडे वाळत घालूक?"

माझा नवरा संजीव सोफ्यावरून खुदकन हसला. तो आयटीतला, त्याचं सगळं आयुष्य डेडलाइनमध्ये गेलंय, त्यालाही हे पटलं. मला राग आला, कारण आबा बरोबर होते. मी होडीचं प्लॅनिंग सीटच्या ऑर्डरसारखं केलं होतं. उशीर झाला तर जणू कस्टमर ओरडणार होता.

मी एक रकाना वाढवला आणि वर लिहिलं, वारा. दर तिसरा दिवस मोकळा सोडला. आबा खुर्ची ओढून बसले. तळ चिखलाचा की खडकाचा, नांगर केवढा, दोर किती, धुकं कधी पडतं, सगळं विचारून घेतलं. मग एका ओळीवर थांबले.

"हय रातभर जातलंस. जागो रवान पारो कोण दितलो? जावई?"

"त्याला गाडीत मागे बसलं तरी मळमळतं."

"मी किनाऱ्यावरून टाटा करणार," संजीव म्हणाला.

"मगे कोण?"

"तुम्ही, आबा."

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. बाईच्या होडीत बसायचं, तेही बाई तांडेल असताना. मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले होते.

"थंडी किती आसता थय?"

"रात्री बऱ्यापैकी."

"माका जाड स्वेटर व्हयो," म्हणाले आणि उठून चहा टाकायला गेले.

आमच्या घरात होकार असाच येतो. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

पुढचे पंधरा दिवस घरात नुसता उत्सव. स्वेटर आला. लाल लाइफ जॅकेट आलं, ते घालून आबा लुंगीवर डेकवर चहा पीत बसायचे आणि शेजारच्या कुत्र्याला दाखवायचे. सुक्या बांगड्याचा वास होडीत किती दिवस टिकतो यावर आमची रीतसर चर्चा झाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझी लेक आन्या ॲन आर्बरहून आली, तिथे ती शिकते. भिंतीवर लावलेला रॉनचा नकाशा तिने उभ्या उभ्या पाहिला.

"आई, हा पार्ट कॅनडा आहे ना?"

"हो, नॉर्थ चॅनेल अख्खा कॅनडात."

"सो... डज आजोबा हॅव अ कॅनेडियन व्हिसा?"

मी या देशात सोळा वर्षं व्हिसाच्या कागदांवर जगले, मग पाच वर्षं ग्रीन कार्डावर. व्हिसा स्टॅम्पिंगच्या भीतीने आजीच्या दहाव्याला गेले नाही. कुठला फॉर्म कुठल्या रंगाच्या पाकिटात जातो हे मी झोपेत सांगितलं असतं. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेचा पासपोर्ट हातात आला, आणि दोन वर्षांत मी इतकी माजले की माझ्या बापाच्या हातात अजून भारताचाच पासपोर्ट आहे हे विसरले. अमेरिकेचा व्हिसा आहे, म्हणजे झालं, असं धरून चालले. वाऱ्याचा रकाना नव्हता, आणि व्हिसाचाही नव्हता. सीमाला जे सुचलं असतं ते मला सुचलं नाही.

"पाण्यावर लाइन थोडीच मारलीये," संजीव म्हणाला. "कोण बघतंय तिथे?"

"कोणी नाही. पण एकाने जरी बघितलं ना, तर आबांना तिथून परत आत घेतील की नाही, सांगता येत नाही. मी त्यांच्या पासपोर्टवर जुगार खेळणार नाही."

व्हिसाला अर्ज करायचा तर बोटांचे ठसे, मग पासपोर्ट पाठवा, मग वाट बघा. ज्याला विचारलं तो दोन महिने म्हणाला. माझ्याकडे तीन आठवडे होते आणि सुट्टीच्या तारखा हलणार नव्हत्या. मी भिंतीवरचा नकाशा उतरवला तेव्हा आबा दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं.

"तू जा," ते म्हणाले. "तो रॉन नायतर कोणी गावतलो तुका. मी जावयावांगडा रवतंय."

"तुम्हाला सोडून मी जाणार नाही."

"खलाश्यासाठी तांडेल रस्तो बदलीत नाय, बाय. चार वर्सा बघतंस तो नकाशो."

"आणि तुमच्यासोबत एकदा होडीत बसायची मी बेचाळीस वर्षं वाट बघतेय. त्याचं काय?"

हे मी जरा जोरातच बोलले. आन्या फोन खाली ठेवून बघत राहिली. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण तोंड सुटलं होतं.

"मासळी पळते म्हणालात. मी नऊ वर्षांची होते. किनाऱ्यावर उभी राहून तुमचं शीड दिसेनासं होईपर्यंत बघायची. तेव्हा कुणाला वाटलं नाही, हिच्यासाठी रस्ता बदलू."

आबा दार सोडून आत आले. मग खाली बसले.

"वाटला," ते म्हणाले. "दोन खेपेक वाटला. पण माझ्या होडीत सात मानसा. ती उतारली असती तर खायत काय होतास तुमी? मी भियालंय. म्हणान वाळूत बसान सांगी." माझ्या हातातल्या नकाशाकडे बघत म्हणाले, "तेवढाच माझ्या हातात होता."

चाळीस वर्षं धरलेला राग फुकट गेला असं नाही. ती पद्धत नालायकच होती. पण त्या पद्धतीच्या आत राहून एक माणूस रोज संध्याकाळी दमलेल्या अंगाने मला दर्या आणून देत होता, आणि त्याच दर्याच्या जोरावर मी हजारो मैलांवर नकाशा पसरून बसले होते. हे दिसायला कॅनडाला मला अडवावं लागलं.

"आबा, समोरून वारा आला तर तुम्ही काय करायचात?"

"काय करतलंय? आडोशाक जावचा."

"मग हा समोरचा वारा समजा. कागदाचा आहे, एवढंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "आन ती पेन्शील."

लॅपटॉप आम्ही उघडलाच नाही. रॉनचा दुसरा नकाशा पसरला, अलीकडच्या, मिशिगनच्या किनाऱ्याचा. हार्बर बीच, प्रेस्क आइल, मॅकिनॉ. त्याच्या वर ले शेनो नावाची छत्तीस बेटं, एकमेकांना चिकटून, सगळी या बाजूची. आबांना इंग्रजी येत नाही, पण पाण्याच्या खोलीचे आकडे त्यांनी भराभर वाचले. एकोणीस मुक्कामांचे सात झाले. बेटांमधल्या एका खोबणीभोवती त्यांनी गोल काढला. उत्तरेकडून झाडं, वायव्येकडून उंचवटा, तळाला चिखल.

"हय धा दिवस," म्हणाले.

"दहा दिवस काय करायचं?"

"कायएक नाय. बसाचा. तुका बसाक येना नाय, ता शिक."

आन्याने फोटो काढून रॉनला पाठवला. त्याचं उत्तर आलं: हा गोल कोणी काढला, मी तीस वर्षं तिथेच थांबायचो.

निघायच्या आदल्या सकाळी एक फॉर्म भरायचा होता. होडीत कोण आहे, कुठे थांबणार, कुठल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कोस्ट गार्डला कळवायचं, हे लिहून किनाऱ्यावरच्या माणसाकडे ठेवायचं असतं. किनाऱ्यावरचा माणूस म्हणजे संजीव. आठ उन्हाळे शनिवार-रविवार एकट्याने घर सांभाळून त्याने मला होडी दिली होती. आता महिनाभर रोज संध्याकाळी सहा वाजता फोनजवळ बसणार होता. त्याने तीन वेगवेगळे अलार्म लावलेसुद्धा.

पहिली ओळ कॅप्टनची, ती मी मोठ्याने वाचली. मी सवयीने आबांचं नाव, "मनोहर", लिहायला लागले.

आबांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "कॅप्टन म्हंजे तांडेलच मा?"

"हो."

"मगे माझा नाव थय कित्याक?"

"तुम्ही मोठे ना, आबा."

"थय वय इचारल्यानी हा? होडी कोनाची?"

"माझी."

"मगे?"

मी खोडलं आणि लिहिलं, सुलेखा. अक्षर वाकडं आलं. त्याच्या खालच्या ओळीत, क्रू या शब्दासमोर, माझ्या बापाचं नाव लिहिलं. आबांनी ते कुठल्या ओळीत आहे हे बोटाने तपासून घेतलं.

"पन एक सांगतंय," ते म्हणाले. "दोर चुकलो की तांडेलान खलाश्याक गाळी दिवक व्हयी. तुका येतत?"

"मालवणात वाढलेय आबा."

"बगया," म्हणाले, आणि स्वेटर आणायला आत गेले.