उंबऱ्याबाहेरचे बूट

आप्पांनी काठीच्या टोकानं बूट उंबऱ्याबाहेर सारले. लाल, कोरे करकरीत बूट. एक पायरीवर नीट बसला, दुसरा कलंडला आणि त्याची जाड, टणक टाच वर आली. धनश्री आतल्या बाजूला उभी होती, अनवाणी, दोन्ही तळहातांना खडूची पांढरी भुकटी लावलेली.

"आप्पा, पिशवीतनं आनलेत. अजून रस्तासुदिक बघितला न्हाई त्यांनी."

"पायतान ते पायतान. आत मारुती हाय."

"तासभर फकस्त. रविवारी वजन उचलायची निवड हाय."

"एकदा न्हाई म्हनलं ना पोरी."

एवढं बोलूनच आप्पांना दमल्यासारखं झालं. हल्ली असंच व्हायचं. लोखंड उचलायचं तिनं, आणि दमायचं यांनी. ते पायरीवर टेकले आणि गुडघा चोळत बसले.

काष्टीच्या त्या तालमीत आप्पांच्या वडिलांपासून, म्हणजे आसाराम वस्तादांपासून, कुणाची चप्पल आत गेली नव्हती. एकदा एक फौजदार कुणाला तरी शोधत आला होता. आसाराम वस्तादांनी त्यालाही दारात बसवून बुटाच्या नाड्या सोडायला लावल्या. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता म्हणे. गाव पुढं कैक वर्षं त्या अंगठ्यावर हसलं. तेव्हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ती रेघ सांभाळायला आता एकटे कानिफनाथ आप्पा उरलेले.

कुस्ती तर केव्हाच उठून गेली होती. हौद्यातली लाल माती दगडासारखी झाली होती. पुढच्या अर्ध्या जागेत बाभळीच्या फळ्या, त्यांच्यावर शुगर फॅक्टरीतून आणलेला जुना रबरी पट्टा, आणि त्यावर वजनं. धनश्री शाळेत असताना भावाच्या, करणच्या मागं लागून आली. करण पुढं चाकणला कंपनीत लागला, ही राहिली. वजन कसं उचलायचं ते दोघं मोबाईलवर बघूनच शिकले. आप्पा मोबाईल हातभर लांब धरायचे आणि म्हणायचे, बघ, कंबर बघ त्या पोरीची, कशी खाली बसती. त्या पोरींच्या पायांत बूट असायचे. पण आप्पांना तो शहरी थाट वाटायचा, जशा कपाळावरच्या रंगीत पट्ट्या.

तिथंच सगळं फसलं. गेल्या महिन्यात नगरला स्पर्धेत धनश्री अनवाणी फळीवर चढली आणि पंचांनी तिला खाली उतरवलं. बुटाशिवाय उचलताच येत नाही, नियम आहे. आप्पा म्हणाले, फळी म्हणजे देवाची जागा, तिथं बूट कसे घालायचे? पंच भला माणूस, नुसता हसला. मग कुणाचे तरी बूट मागून घातले. टाच उंच, अंग पुढं जायला लागलं, आणि वजन एकदाही डोक्यावर टिकलं नाही. येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. रडली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं.

ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. करणनं चाकणहून बूट पाठवले, पण ते घालून उचलायचं कुठं? घरी तिनं पेंडीची पोती उचलून बघितली. पोतं म्हणजे काही लोखंड नव्हे.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "दौंड रोडच्या जिमवाले ये म्हनत्यात. तिथं बूट चालत्यात."

"मग जा की."

"जाऊ?"

"म्या काय धरून ठिवलंय व्हय तुला?"

वाकून तिनं उंबऱ्याला हात लावला, तो कपाळी नेला, कलंडलेला बूट उचलून ओढणीनं पुसला आणि पिशवीत घातला. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत आप्पा काठीनं पायरीवरची माती उकरत राहिले. तालमीत येणारं आता दुसरं कुणी नव्हतं.

घरी राहीबाईंनी ताट वाढलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

"गेली?"

"गेली."

"झ्याक झालं. आता लावा कुलूप, नि बसा गुडघ्याला तेल चोळत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतंय, त्या पोरीनं सा वर्सं तुमचं ऐकलं. तुमी एक दिस तिचं ऐकलं न्हाई."

"बापाचा सबूद हाय त्यो! आत पायतान न्हाई म्हंजी न्हाई."

"मग बसा आतच," राहीबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला वळल्या.

आप्पांनी अर्धीच भाकरी खाल्ली. रात्रभर त्यांना नीट झोप लागली नाही.

सकाळी उजाडता उजाडता ते तालमीत गेले. दिवा न लावता, मारुतीकडं न बघता, त्यांनी पहिली चकती उचलली. उचलली कसली, पोटाशी धरून ओढत नेली. उंबऱ्यावर ठेवली, पलीकडं गेले, पुन्हा धरली आणि लिंबाच्या झाडाखाली नेऊन टाकली. मग पायरीवर बसले. श्वास खाली बसला तसे पुन्हा आत गेले. मोठ्या चकत्या त्यांनी उभ्या करून गडगडत नेल्या. पहारीनं फळ्या उचकटल्या. लिंबाखालची जागा सरळ नव्हती, तिथं मुरमाच्या पाट्या ओतून धुमसानं ठोकली. नाकी नऊ आले. रबरी पट्टा मात्र काही केल्या हलेना.

राहीबाई चहाचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय चाललंय ह्ये? मरायचं ठरिवलंय का?"

"बोलू नगंस. त्या टोकाला धर."

"डोस्कं फिरलंय तुमचं."

पण त्यांनी पदर खोचला, चपला दारात काढल्या आणि टोक धरलं. पट्टा बाहेर आला. मग आप्पांनी धनश्रीला फोन लावला.

"ये. बूट घिऊन ये."

"आत चालतील आप्पा?"

"तू ये तर."

ती आली तेव्हा आप्पा लिंबाला टेकून बसले होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. फळ्या, पट्टा, दांडी, चकत्या, सगळं मोकळ्यावर मांडलेलं. धनश्री बघतच राहिली.

"अगं बाई! एवढं सगळं तुमी काढलं?"

"मग काय मारुतीनं काढलं? घाल बूट. तालमीत येत न्हाईत ना, तर तालीम भाईर आनली."

तिनं बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि फळीपाशी आली. वाकून फळीला हात लावला, कपाळी नेला. आणि तिथंच थांबली. एक पाय उचलला, परत खाली ठेवला. मग खाली बसून नाड्या सोडायला लागली.

"आता काय झालं?"

"होईना आप्पा. पाय टाकवंना."

"काय म्हनलीस?"

"ह्या फळीवर... बूट घालून... न्हाई जमत मला."

एक बूट तिनं काढलासुद्धा. आप्पांना हसावं की रडावं कळेना.

"उजाडल्यापासनं लोखंड वाहतोय म्या! आन् तुला पाय टाकवंना व्हय?"

"तुमीच शिकिवलंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आप्पा लिंबाला धरून उठले, तिच्यापुढं आले आणि एक गुडघा टेकला. गुडघा असा कडकडला, की राहीबाईंनी "अवं!" म्हणून पुढं हात केला. आप्पांनी काढून ठेवलेला बूट उचलला, हातानं त्याचा तळ पुसला आणि दुसऱ्या हातानं धनश्रीचं पाऊल धरलं.

"आप्पा! माझ्या पायाला हात लावू नका."

"गप उभी ऱ्हा."

बूट चढला. नाडीची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती ओढून पक्की केली आणि तो पाय उचलून स्वतःच फळीवर ठेवला.

"आता दुसरा तुझा तू टाक."

तिनं टाकला. पहिल्यांदा वजन पुढं आलं आणि धाडकन पडलं. दुसऱ्यांदाही तसंच. आप्पा खालूनच ओरडले, "टाच रोव! टाचंवर बस!" पुढच्या वेळी ती खोल बसली, तशीच वर आली, आणि दांडी डोक्यावर स्थिर राहिली. आप्पांकडं बघून ती हसली आणि मग वजन सोडलं. फळ्या दणाणल्या.

"शाब्बास!" राहीबाई म्हणाल्या.

"पुना," आप्पा म्हणाले.

ती पुढच्या उचलीसाठी वाकली तेवढ्यात आप्पांना दिव्याची आठवण झाली. आज मारुतीपुढं दिवाच लागला नव्हता. ते सावकाश उठले आणि दारापाशी आले. स्वतःच्या चपला काढल्या. पायताणाला हात लागला की धुवायचा, मगच देवाकडं जायचं, हे आसाराम वस्तादांनी त्यांना लहानपणी शिकवलं होतं. पिंपातून त्यांनी डबडंभर पाणी घेतलं. बोटांना काळं लागलं होतं, नव्या रबराचा वास येत होता.

मागं वजन पुन्हा दणाणलं.

आप्पांनी डबडं परत पिंपात रिकामं केलं. आत जाऊन, त्याच बोटांनी वात पुढं सारली आणि काडी ओढली.