आप्पांच्या उशाशी

मी एक जुना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. लोक मला नुसतं मशीन म्हणतात. मित्रांनो, माझं काम साधं. खोलीतली हवा ओढायची, गाळायची आणि नळीतून दमलेल्या माणसाच्या नाकाशी पोचवायची.

साथीच्या काळात निर्मळ गावच्या एका मंडळाने मला आणलं. तेव्हा माझ्या गळ्यात हार पडले, फोटो निघाले. साथ ओसरली तसा मी खुर्च्यांच्या ढिगामागे गेलो आणि माझ्या पोटात झुरळांनी संसार थाटला. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मला पुसून शांताराम आप्पांच्या उशाशी ठेवलं.

आप्पा केळीचे बागायतदार. फुप्फुसाचा कर्करोग, तोही शेवटाला पोचलेला. दिवाळी दिसणार नाही, असं डॉक्टरांनी बायकोला आणि मुलीला स्पष्ट सांगितलं होतं. बायकोने, सत्यवतीने, लेकीचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "आप्पांना यातलं काय पन सांगायचं नाय. माझी शपथ हाय." आप्पांना सांगितलं, छातीत पाणी झालंय, निघून जाईल.

लेक उन्नती उपयोजित तत्त्वज्ञानात एम.ए. करत होती. माझ्या शेजारी बसूनच ती शोधप्रबंध लिहायची. विषय होता, रुग्णापासून त्याचा आजार लपवावा का. दैवाला कधीकधी लाजच नसते.

आगाशीला दिलेल्या बहिणीशी, जयवंतीशी, आप्पांचा बागेच्या हिश्श्यावरून अबोला होता. तो त्यांना आता सलत होता. "बरा झालो का भाऊबीजेला जानार तिच्याकडं," ते म्हणायचे.

"आप्पा, आत्ताच फोन करूया ना आत्याला," उन्नती म्हणाली.

"फोनवर ओवाळतात काय? चूक माझी हाय. माझ्या पायांनी जाईन."

एकदा त्यांनी विचारलं, "काय लिवतेस गो एवढं?"

"एक बाई आहे. तिचा आजार बरा होणारा नाही, पण मुलांनी तिला सांगितलंच नाही. ते बरोबर केलं का, त्यावर लिहितेय."

आप्पा जरा वेळ श्वास गोळा करत राहिले. "वाईट केलं पोरांनी. तिला कुनाला भेटायचं असंल तर?"

उन्नतीचे ओठ हलले. तिने दारातल्या आईकडे बघितलं. मग मान खाली घालून तिने ते वाक्य टाइप केलं आणि पुढे लिहिलं, 'एका रुग्णाचे मत'. तिच्या सरांनी त्यावर 'उत्तम' असा शेरा दिला.

आप्पा नवरात्रात गेले. जयवंती आत्या आली ती थेट त्यांच्या रिकाम्या खाटेवर बसली.

"त्याला म्हायत होतं, वाचनार नाय ते?" तिने विचारलं.

"नाही, आत्या."

"आनि तुला?"

उन्नती माझी नळी गुंडाळत राहिली. गुंडाळून झाली तरी तिचे हात थांबेनात.

मित्रांनो, माझी जाळी धुवत जा, मला ओलीत टाकू नका, म्हणजे मी आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेन. पण ज्याच्या नाकाला नळी लावाल, त्याच्याशी खरं बोला. मी फक्त वेळ देऊ शकतो. आप्पांना मी अख्खा पावसाळा दिला. तो त्यांनी बरं होण्याची वाट बघण्यात घालवला.