व्यासपीठावर आपटलेली कुबडी

मी एक जुनी सागवानी कुबडी आहे. माझ्या पायाचं रबर मात्र नवं आहे. जुनं कसं फुटलं ते आठवलं, की अजून मला कापरं भरतं.

मित्रांनो, घाटकोपरच्या एका सुताराने मला घडवलं. शकुआजींनी मला अकरा वर्षं वापरलं. त्या गेल्यावर मी कपाटामागे धूळ खात पडले. मग त्यांच्या मुलाचा, सहदेवचा, घोटा मोडला. तो वायरमन, पंखा लावताना स्टुलावरून पडला. दीड महिना मी त्याला मोरीपासून बसस्टॉपपर्यंत सगळीकडे नेलं. कुरकुर केली नाही, हे मी मान ताठ ठेवून सांगते.

डॉक्टरांनी प्लास्टर काढलं, पाय बरा आहे म्हणाले. त्याच आठवड्यात शेजारच्या श्यामसुंदरने त्याला मुलुंडच्या एका हॉलमध्ये ख्रिस्ती प्रार्थनेला नेलं. सवयीने मीही सोबत होते. प्रार्थना संपली आणि सहदेव मला बाजूला ठेवून उभा राहिला. लोकांना प्लास्टरचं काय माहीत? "हालेलुया!" म्हणत सगळा हॉल उठला. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सहदेवने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तो नुसता हसला. त्याच्यासाठी आजवर कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मग त्याला साक्ष द्यायला बोलावणी येऊ लागली. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीसमोर सांगणं. भांडुपला दीड महिन्याचे सहा महिने झाले, बोरीवलीला सहा वर्षं. आणि शेवटी तो मला उचलून व्यासपीठावर आपटायचा. मला! जिने त्याला चालवलं तिला! पहिल्या वेळी मी सुन्नच झाले. लाकूड मार सोसतं हो, पण देवाच्या नावाने चाललेल्या खोट्यात आपण सामील आहोत, हे मला सोसेना.

अंधेरीतल्या त्या रविवारी त्याने मला इतक्या जोरात आपटलं, की माझं रबर फुटलं आणि मी घरंगळत पुढच्या रांगेपाशी गेले. तिथे राधा नावाची बाई आठ वर्षांच्या लेकीला, चेतनाला, घेऊन बसली होती. चेतनाचा डावा पाय जन्मापासून अधू, त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. राधाने वाकून तो कॅलिपर सोडला.

"चल गं बाळा. काकांना झालं ना, तुला पण होणार."

मी किंचाळले असते, पण मला तोंड नाही. चेतनाने एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला ती माझ्या शेजारीच कोसळली. कपाळातून रक्त आलं.

"तुझाच विश्वास कमी पडला," राधा रडत म्हणाली.

चेतनाने कपाळ दाबून सहदेवकडे पाहिलं. "काका, तुमचा किती होता?"

सहदेव व्यासपीठावरून खाली उतरला. तिथेच तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"काहीच नव्हता गं. माझा पाय प्लास्टरने बरा झाला होता. मी खोटं बोललो, सगळीकडे बोललो. मला टाळ्या पाहिजे होत्या. तुझा विश्वास कमी नाही."

"लाज नाही वाटली?" राधा ओरडली. "पोर आहे माझी ती!"

दवाखान्यात चेतनाला चार टाके पडले. बाहेर बाकड्यावर सहदेव मला मांडीवर घेऊन बसला होता. "प्रभू, तुझ्या नावाने मी लोकांना फसवलं," तो पुटपुटला. "मला क्षमा कर. आता मी तुझा, सगळाच्या सगळा." ऐकायला फक्त मी होते. मित्रांनो, त्याची पहिली खरी प्रार्थना ही.

नंतर तो प्रत्येक हॉलमध्ये गेला आणि खरं सांगून आला. लोक चिडले, श्यामसुंदर महिनाभर बोलला नाही. वर्षाने त्याचा बाप्तिस्मा झाला. टाळ्या वाजवू नका, असं त्याने आधीच सांगितलं होतं.

राधाचा राग निवायला तितकाच वेळ लागला. मग डॉक्टरांना विचारून सहदेवने मला कापून बुटकं केलं, नवं रबर बसवलं आणि चेतनाला दिलं. कॅलिपरही तिच्या पायात आहे. मित्रांनो, कुणाचा आधार सोडवण्याआधी तो माणूस उभा राहू शकतो का, तेवढं बघा. आणि आम्हा कुबड्यांना आपटू नका. चेतना मला दोन्ही हातांनी, हळूच बाकाखाली ठेवते.

परवा उपासनेनंतर तिने सहदेवला पुन्हा विचारलं, "काका, आता किती आहे विश्वास?"

त्याने वाकून मला बाकाखालून काढलं आणि तिच्या हातात दिलं. मग म्हणाला, "तुझ्याएवढा होऊ दे, असं रोज मागतो."