एक जास्तीचा ठिपका

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांची हाडं, आणि आभाळ स्वच्छ असेल त्या रात्री दीर्घिका. या हिवाळ्यात मी हट्टाला पेटलो होतो. तीस कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा एक अख्खा समूह मला एका फोटोत पकडायचा होता. आठ इंची दुर्बिणीला हे झेपणार नाही असं ओळखीच्या एका शहाण्याने सांगितलं होतं, म्हणून तर जास्तच.

पाच मिनिटांच्या एका फोटोत नुसते पुसट धब्बे दिसतात. म्हणून असे शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला ते एकावर एक रचायला लावायचे, की धब्ब्यांना आकार येतो. दोन महिन्यांत अकरा रात्री मिळाल्या, तीनशे ऐंशी फोटो जमले. त्यांतले ढगाळलेले आणि हललेले वेगळे काढायचं काम मी ताईच्या गळ्यात मारलं.

ताई माझी मोठी बहीण. तीस वर्षं एका दुकानात रफूकाम केलेली. कसर लागलेला कोट ती असा सांधायची, की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच सापडायचं नाही. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात तिच्या हातून एक भलतंच घडलं. एका कोटाच्या खांद्यावर तिला विरलेली जागा दिसली. दुसऱ्या कुणाला दिसेना. ती ऐकायला तयार नव्हती, तिने धागे उसवले आणि चांगलं कापड वाया गेलं. नसलेलं दिसतं म्हणजे डोळा कामातून गेला, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. डॉक्टर डोळा ठणठणीत आहे म्हणाले, तरी ती दुकानात फक्त बटणं लावत बसायची. मला ते बघवत नव्हतं, पण बोलायला गेलं की ती विषयच बदलायची.

रविवारी दुपारी तयार चित्र पडद्यावर आलं आणि मी जेवणाच्या टेबलाभोवती अक्षरशः नाचलो. एका चौकटीत दोनशेहून जास्त दीर्घिका! काही गोल, काही लांबट, एक तर चक्क शेपटीवाली. मी ताईला हाताला धरून आणलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यात एक ठिपका कमी आहे."

माझं डोकंच फिरलं. दोन महिने थंडीत कुडकुडून काढलेलं चित्र, आणि हिला काय दिसावं, तर जे नाही ते! कुठला ठिपका, असं मी विचारलं. तिने एका लांबट दीर्घिकेच्या कडेला बोट ठेवलं. शेवटच्या दोन रात्रींच्या प्रत्येक फोटोत इथे एक ठिपका आहे, आधीच्या एकातही नाही, असं तिचं म्हणणं.

"ताई, कॅमेऱ्याचा डाग असेल. नाहीतर तुझ्या डोळ्याला..."

मी जीभ चावली, पण उशीर झाला होता. ताईने चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला आणि भाजी चिरायला निघून गेली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिची समजूत काढायला म्हणून मी शेवटच्या दोन रात्रींचे चौसष्ट फोटो उघडले. पहिल्यात ठिपका होता. दुसऱ्यातही. मी भराभर पुढचे उघडत गेलो, सगळ्यांत होता. प्रत्येक फोटोआधी मी दुर्बीण मुद्दाम केसभर हलवतो. कॅमेऱ्याचा डाग असता तर तो फोटोत जागच्या जागी राहिला असता आणि दीर्घिका त्याच्याखालून सरकली असती. हा ठिपका दीर्घिकेबरोबर सरकत होता. एखादा लघुग्रह असता तर दोन रात्रींत बराच पुढे गेला असता, आणि हा तसूभरही ढळला नव्हता. म्हणजे तो त्या दीर्घिकेतच नव्याने उजळलेला होता. मग माझी ट्यूब पेटली. बहुतेक फोटोंत नसेल ते कचरा समजून फेकायचं, असा हुकूम मीच कॉम्प्युटरला दिला होता, विमानं आणि उपग्रह जावेत म्हणून. त्यांच्याबरोबर त्याने तीस कोटी वर्षांपूर्वी फुटलेला एक तारा झाडून टाकला होता.

"ताई!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो, की ती हातात सुरी घेऊनच आली. तारा फुटलाय, आणि तो तू शोधलायस, असं काहीबाही मी बडबडत होतो. असा नवा ठिपका जगात कुणालाही दिसला की एका जाहीर यादीत नोंदवायचा असतो. मी यादी उघडली. ताईचं नाव घालायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

तो तिथे होता. तीच दीर्घिका, तीच जागा. कुणीतरी नऊ तासांपूर्वी नोंदवून मोकळा झाला होता.

मी कपाळावर हात मारला. परवाच हे फोटो नीट पाहिले असते तर! हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि तोही ताईचा. तिला कसं सांगावं ते कळेना. शेवटी मान खाली घालून सांगितलं.

ती पडद्याजवळ वाकली. "हा माणूस आपल्या ओळखीचा आहे?"

"नाही गं. पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो."

"आणि त्याला तो इथेच दिसला? बरोबर इथे?"

मी त्या जागेचे दोन्हीकडचे आकडे तिला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा वाचायला लावले. मी वाचले. तिचे डोळे भरून आले, आणि ती हसतही होती. सबंध वर्षात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"बरं झालं, त्याने आधी पाहिला," ती म्हणाली. "मी एकटीनेच पाहिला असता, तर मला स्वतःलाच खरं वाटलं नसतं."

मग तिने फोन उचलला, दुकानाच्या मालकीणबाईंना लावला आणि उद्यापासून बटणं दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणून सांगितलं.