डावी बाजू

बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात त्यांना सगळे कानसेन म्हणत. अंध वाचकांसाठी तिथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत, आणि एखादं पुस्तक बाहेर जाण्याआधी ते कानसेनांनी ऐकून पास करावं लागे. हातात छापील प्रत, डोक्यावर हेडफोन, बोटांत टोक काढलेली पेन्सिल. वाचणाऱ्या बाईंनी 'तो' ऐवजी 'तोच' म्हटलं की यांची पेन्सिल खाली उतरलीच. त्या बाई म्हणायच्या, "मी घरी नवऱ्याला घाबरत नाही तेवढी तुम्हाला घाबरते."

निवृत्तीनंतर सात वर्षं ते हेच काम घरून करत होते, मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर. लॅपटॉप अगदीच रखडायला लागला तेव्हा मुलीने त्यात लिनक्स ही हलकी संगणकप्रणाली घालून दिली आणि ती दूरच्या शहरात आपल्या नोकरीवर निघून गेली. काही अडलं की फोन. त्या फोनांची दोघांनाही गोडी लागली होती.

एका सोमवारी सकाळी ते उठले तेव्हा डाव्या कानाला दडे बसल्यासारखं वाटत होतं. आठवडाभर सर्दी होतीच. त्यांनी नाक चिमटीत धरून फुंकर मारून पाहिली, काही सुटलं नाही. चहा घेऊन कामाला बसले तर लॅपटॉपने अपडेट मागितलं, ते दिलं, आणि त्यानंतर हेडफोनमधून आवाजच येईना. स्पीकर चालू, हेडफोन ठार मुका. कान राहिला बाजूला.

"बाबा, काळा पडदा उघडा," मुलगी फोनवर म्हणाली. संगणकाला कमांड टाइप करून द्यायच्या खिडकीला, टर्मिनलला, त्या दोघांत काळा पडदा म्हणत. "मी सांगते तसं टाइप करा. मध्ये स्पेस द्या."

"दिली."

"किती?"

"भरपूर."

"एकच द्यायची हो, बाबा!"

तसं करत करत पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले. एकेक खांब म्हणजे एकेका आवाजाची पातळी. हेडफोनच्या खांबाखाली दोन एम दिसत होते.

"म्हणजे अपडेटने त्याचं तोंड बंद केलंय. बाण तिथे न्या आणि एम दाबा. दोन शून्य आली पाहिजेत."

शून्य आली. हेडफोनमध्ये बाईंचा आवाज आला. "आला गं, आला!" ते एवढ्याने ओरडले की आतल्या खोलीतून पत्नी बाहेर आली. मग ते थांबले. "पण उजवीकडूनच येतोय. डावी बाजू अजून मुकीच आहे."

तिथून पुढे ते डाव्या बाजूच्या मागे लागले. मुलगी ऑफिसातून सवड मिळेल तशी एकेक कमांड पाठवायची आणि हे ती अक्षर न् अक्षर तपासून टाकायचे. डाव्या-उजव्या पातळ्या सारख्याच निघाल्या. आवाजाची सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली. जुन्या सेटिंगची फाइल उडवली. वाचनालयातून दुसरा हेडफोन मागवला, तोही तसाच. "म्हणजे हेडफोन ठीक आहे, गडबड लॅपटॉपमध्येच आहे," मुलगी म्हणाली, आणि ते त्यांना पटलं. एक चाचणी तर त्यांना पाठच झाली होती. ती लावली की एक बाई आधी डाव्या बाजूला 'फ्रंट लेफ्ट' म्हणते, मग उजव्या बाजूला 'फ्रंट राइट'. त्यांना नुसती दुसरीच ऐकू यायची. पहिलीच्या जागी तेवढ्या वेळेची शांतता.

"अहो, सर्दीचा कान अजून सुटला नाही ना? एकदा दाखवून या," पत्नीने बुधवारी म्हटलं. शनिवारी पुन्हा म्हटलं.

"एवढं हे मार्गी लागू दे, मग जातो." त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. कान काय, सर्दी गेली की सुटेल. पुस्तक मात्र अडून बसलं होतं. आणि दुसरी गोष्ट त्यांनी कुणाला बोलून दाखवली नसती, पण लेकीचा दिवसाकाठी तीन-तीनदा फोन येत होता. एरवी आठवड्यातून एकदा यायचा.

अकराव्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. ती थकलेली वाटत होती.

"बाबा, एक साधी गोष्ट आपण केलीच नाही. हेडफोन उलटा घाला. डावी बाजू उजव्या कानावर. आणि ती चाचणी लावा. मी धरते फोन."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला, हेडफोन फिरवून डोक्यावर चढवला आणि एंटर दाबलं.

'फ्रंट लेफ्ट,' ती बाई म्हणाली. स्वच्छ, ठणठणीत, उजव्या कानात.

क्षणभर त्यांना केवढा आनंद झाला! अकरा दिवस जिची वाट पाहिली ती एकदाची बोलली होती. मग 'फ्रंट राइट'ची पाळी आली आणि डाव्या कानात काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच. लॅपटॉप दोन्ही बाजूंनी नीट बोलत होता. अकरा दिवस तो नीटच बोलत होता.

हेडफोन काढून त्यांनी डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. बोटं एकमेकांवर आपटलेली तेवढी कळली.

"बाबा? काय झालं? आहात ना?" टेबलावरून बारीक आवाज येत होता.

त्यांनी फोन उजव्या कानाला लावला. "आहे ना, बेटा. झालं. दोन्हीकडून येतोय."

"खरंच? मग नेमकं काय होतं?"

"कोण जाणे. उलटा घातला आणि सुरू झालं. तू जेव आता, तुझी सुट्टी संपेल."

पत्नी दारात उभी होती. चुटकी वाजवताना तिने पाहिलं होतं.  कपाटातून त्यांचा शर्ट काढून दिला आणि स्वतःच्या चपला घातल्या.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. मग कागदावरच्या दोन रेघा दाखवल्या. एक वर होती, दुसरी खाली तळाला गेलेली. "हे कधीपासून?"

"आज अकरावा दिवस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असा एकाएकी कान गेला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध सुरू झालेलं बरं असतं. आपण आताही करू. पण फार भरवसा देत नाही मी." गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. महिन्याने पुन्हा तपासलं. खालची रेघ खालीच होती. शिवाय त्या कानात आता एक बारीक शिट्टी वाजत राहायची, आणि उजव्याला जपायचं म्हणून हेडफोन बंद.

मुलीला तिच्या आईनेच कळवलं. ती मिळेल त्या गाडीने आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून बापासमोर उभी राहिली.

"मी तुम्हाला कमांड पाठवत बसले, बाबा. अकरा दिवस. पहिल्याच दिवशी उलटा घालायला सांगितलं असतं तर?"

"तुला कुठे ठाऊक होतं? कानाला दडे बसलेत हे मी तुला सांगितलंच नाही."

"पण का नाही सांगितलंत?"

 "तू रोज फोन करत होतीस," ते म्हणाले.

ती मटकन खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. ती काहीतरी पुटपुटत होती, पण डाव्या बाजूने, त्यामुळे त्यांना शब्द लागले नाहीत. पुन्हा विचारावंसं त्यांना वाटलं नाही.

वाचनालयाला त्यांनी पत्र लिहिलं की हातातलं पुस्तक शेवटचं. त्याची तीन प्रकरणं उरली होती. मुलगी हट्टाला पेटली. "मी ऐकते. तुम्ही प्रत धरा. मी बोट ठेवेन तिथे खूण करा."

दोघं टेबलाशी बसले. तिने हेडफोन घातला आणि ती बोटाने एकेक ओळ पुढे नेऊ लागली. गाळलेला एक शब्द तिने पकडला, एक चुकलेलं नावही पकडलं, आणि मोठ्या आशेने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी खूण केली. मग सहा ओळींचं एक लांबच लांब वाक्य आलं. वाचणाऱ्या बाईंना ते चांगले ओळखत होते. असल्या वाक्यात चौथ्या ओळीला बाईंना श्वास लागतो, तो माइकमध्ये ऐकू येतो, आणि तेवढा तुकडा पुन्हा वाचून घ्यावा लागतो. सात वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

मुलीचं बोट चौथ्या ओळीवरून सरळ पुढे सरकलं.

"हे पान एकदम स्वच्छ आहे, बाबा," ती म्हणाली.

त्यांच्या हातातली पेन्सिल थोडी वर उचलली गेली होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि पान उलटलं.